अम्माचं बोलणं ऐकून काढलेलं अमूर्त पोर्ट्रेट करून घ्यायचंय, आधी काय काय ठरवून घ्यावं?

पूर्वभागकर

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापूरचे, अशोक चौकाच्या आसपास राहतो. येत्या संक्रांतीला, म्हणजे ऐन गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) दिवसांत, अम्माला ७५ पूर्ण होतायत आणि आम्ही भावंडांनी तिचं पोर्ट्रेट करून घ्यायचं ठरवलंय.

फोटोवरून केलेलं चित्र तिला नकोय. "भिंतीवर माझं तोंड लावलात की हार कधी घालायचा तेवढंच राहतंय" असं सरळ म्हणाली. आमच्या गल्लीत भिंतीवर मोठा चेहरा लागला की ते माणूस गेलेलंच असतंय, त्यामुळं तिचं म्हणणं मला पटलं. मग धाकट्या बहिणीनं पुण्यातल्या एक चित्रकार बाई शोधल्या (नाव टाकत नाही). त्या फोटो घेत नाहीत, चेहराही काढत नाहीत. माणसासमोर बसून त्याचं बोलणं ऐकतात आणि त्यातून चित्र करतात, नुसते रंग, आकार, रेघा. त्यांची दोन चित्रं मी मोबाईलवर बघितली, कळली असं म्हणणार नाही पण एका चित्रावरून नजर हलेना एवढं खरं. ३० बाय ३६ इंची कॅनव्हास, ॲक्रिलिक, ३२ हजार सांगितलेत, निम्मे आधी.

आता अम्माबद्दल सांगतो म्हणजे प्रश्न कळेल. तिनं सगळं आयुष्य विड्या वळल्या. मांडीवर सूप, ओल्या फडक्यात पानं, फर्मा (पान कापायचा साचा) ठेवून कात्रीनं पान कापायचं, चिमूटभर तंबाखू, गुंडाळलं, टोक मुडपलं, दोरा बांधला, की पुढची. त्यातच आमचा अभ्यास घ्यायची, भांडणं सोडवायची, हिशेब तोंडी करायची. घरात तेलुगू, बाजारात मराठी, आणि पोटातलं काही बोलायचं असेल तर फक्त तेलुगू. त्या बाईंना तेलुगूचा गंध नाही. मग त्या ऐकणार काय? मी किंवा बहिणीनं मधे बसून भाषांतर करायचं का? आणि अम्माला समोर खुर्ची टाकून "बोला आजी" म्हटलं तर ती "काय बोलू, सगळं बरं आहे" एवढंच म्हणणार, मला माहीत आहे.

शिवाय मोठा भाऊ म्हणतोय की ३२ हजार रंगाच्या पट्ट्यांना कशाला. कुणी असं काम करून घेतलंय का, पैसे देण्याआधी काय विचारायचं, कागदावर काय लिहून घ्यायचं, सांगा की.

बाळीवेशीतला

मी तुमच्या भावाच्या बाजूचा आहे, राग मानू नका. पोर्ट्रेट म्हणजे ज्याचं आहे त्याला स्वतःची ओळख पटली पाहिजे. आपल्या जिल्ह्यातल्या पंढरपुरात जन्मलेले चित्रकार हुसेन घ्या, चार रेघांत घोडा उभा करायचे पण तो घोडाच आहे हे पोरालाही कळायचं. इथं अम्मा समोर उभी राहून "हे काय आहे" म्हणाली आणि चौघांनी मिळून तिला समजावून सांगावं लागलं तर तिच्या वाढदिवसाला तिलाच परक्यासारखं वाटेल. ७५ वर्षांच्या बाईवर हा प्रयोग करताना तेवढा विचार करा.

तरीही करायचंच ठरलं असेल तर एक करा. त्या बाईंनी आधी ज्यांची चित्रं केलीत त्यांच्याशी बोलायला मागा. पैसे ज्यांनी दिले त्यांच्याशी नाही, समोर बसलेल्या माणसाशी. "तुमचं नीट ऐकलं का त्यांनी" एवढाच प्रश्न विचारा, बाकी चित्र चांगलं वाईट हे आपल्याला कळतंय असं नाही.

रंगलेप

मी स्वतः चित्रं काढते आणि मागची काही वर्षं हेच काम करतेय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी भाषेचं, कारण तो तुमचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. भाषा कळत नसेल तर काम होतच नाही असं नाही, पण अर्धंच होतं. आवाजाची चढउतार कळते, वेग कळतो, माणूस कुठे अडखळतो, कुठे श्वास घेऊन थांबतो, कुठे पटकन विषय बदलतो हे सगळं भाषेशिवाय ऐकू येतं. पण एखादा माणूस तासाभरात एकच शब्द सारखा सारखा आणतोय का, कुणाचं नाव घ्यायचं टाळतोय का, हे शब्द कळल्याशिवाय कळत नाही आणि माझ्या अनुभवात चित्राचा कणा तिथेच सापडतो. दुभाषा मधे बसवू नका, त्यातही मुलगा तर नकोच. मुलगा समोर असला की आई आईसारखं बोलते, बाईसारखं बोलत नाही. त्यापेक्षा असं करा, अम्मा आणि तिची जुनी मैत्रीण, बरोबर विड्या वळणारी कुणी असेल, त्या दोघींना तेलुगूत बोलू द्या आणि चित्रकार बाजूला बसेल. रेकॉर्डिंग करा, अर्थातच दोघींना विचारून. मग नंतर बहिणीनं ते रेकॉर्डिंग चित्रकाराबरोबर बसून वाक्य वाक्य थांबवत समजावून सांगावं. यात आधी कान भाषेविना ऐकतात आणि नंतर अर्थ येतो. हा क्रम मला उलटा ऐकण्यापेक्षा जास्त बरा वाटतो.

दुसरं, खुर्ची टाकून बसवू नका हे तुम्ही स्वतःच ओळखलंय. जिनं आयुष्यभर हात चालवत बोलणं केलं तिचे हात मोकळे ठेवले की तोंड बंद होणार. आता विड्या वळत नसतील तर शेंगा फोडायला द्या, ज्वारी निवडायला द्या, मेथी निवडायला द्या. चित्रकाराला हे आधीच सांगा आणि तिची प्रतिक्रिया बघा. "नाही, मला शांत खोली लागते, फक्त मी आणि त्या" असं म्हणाली तर ती चांगली चित्रकार असेल पण अम्मासाठी योग्य नाही.

आता 'रंगाच्या पट्ट्या'. यात एक फसवं काम असतं ते ओळखायला शिका. काहीजण तक्ता घेऊन बसतात, राग म्हटलं की लाल, दुःख म्हटलं की निळा, आई म्हटलं की भगवा, आणि तासाभराच्या बोलण्याचा तसा हिशेब लावून देतात. ते ऐकणं नाही. कँडिन्स्की या रशियन चित्रकाराला पिवळा रंग तुतारीसारखा आणि गडद निळा चेलोसारखा (व्हायोलिनसारखंच पण मोठं, खोल आवाजाचं वाद्य) ऐकू यायचा असं त्यानं लिहिलंय, पण ते त्याच्या कानाचं होतं, ते उचलून अम्माला लावता येत नाही. अम्माचा पिवळा कुठला हे अम्माकडूनच यायला पाहिजे. म्हणून चित्रकाराला विचारा की तुमच्या एखाद्या जुन्या चित्रातला एक रंग किंवा एक आकार घ्या आणि तो त्या माणसाच्या बोलण्यातल्या कुठल्या गोष्टीवरून आला ते सांगा. चांगली चित्रकार सगळ्याचं उत्तर देणार नाही, देऊही नये, पण दोन-तीन गोष्टींचं नेमकं उत्तर तिच्याकडे असतंच.

बाळीवेशीतल्या दादांचा ओळख पटण्याचा मुद्दा मला मान्य आहे, पण ओळख चेहऱ्यातूनच पटते असं नाही. मार्सडेन हार्टली नावाच्या अमेरिकन चित्रकाराचं १९१४ चं एक पोर्ट्रेट आहे, जर्मन अधिकाऱ्याचं, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये. त्यात माणूसच नाही. झेंड्यांचे पट्टे, पदक, त्याच्या नावाची आद्याक्षरं, २४ हा आकडा कारण महायुद्धात गेला तेव्हा तो २४ चा होता, आणि बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन कारण त्याला बुद्धिबळ आवडायचं. त्याच्या माणसांना ते कुणाचं आहे हे क्षणात कळलं असणार. आणि हे फक्त परदेशी खूळ आहे असं भावाला वाटत असेल तर त्याला रागमाला चित्रं दाखवा. कानानं ऐकायचा राग कागदावर उतरवायचं काम आपल्या दख्खनमध्ये चारशे वर्षांपूर्वीपासून झालंय. त्यात नायक-नायिका असतात, अमूर्त नसतं ते, पण ऐकलेलं डोळ्यांसमोर आणायची धडपड तीच आहे.

भोंगा

आमच्या वडलांचं असं चित्र करून घेतलंय, म्हणून लिहितो. ते कापड गिरणीत लूम खात्यात, म्हणजे मागांवर, होते. मागांच्या आवाजात बोललेलं ऐकू यायचं नाही त्यामुळं तिथली सगळीच माणसं ओठ बघून आणि हातवाऱ्यांनी बोलायची, आणि घरी आल्यावरही ती सवय जायची नाही. वडील वाक्य तोंडानं सुरू करायचे आणि हातानं संपवायचे. "मग साहेब आला आणि..." पुढं हात असा आडवा फिरायचा, म्हणजे काम गेलं की वाद मिटला हे आम्हाला हाताच्या उंचीवरून कळायचं.

चित्रकार इथलाच, तरुण पोरगा. पहिल्या बैठकीत नुसता मोबाईल रेकॉर्डिंगला लावून ऐकत बसला, घरी जाऊन लावून बघितलं तर निम्मी वाक्यं अर्धवट. दुसऱ्या दिवशी परत आला आणि म्हणाला, काका, काल तुम्ही जे बोललात ते माझ्याकडं सगळं नाही आलं, आज मी लिहून घेणार नाही, रेकॉर्डही करणार नाही, नुसतं तुमच्याकडं बघत ऐकणार. वडलांना ते एवढं भावलं की त्या दिवशी ते जेवायची वेळ टळून गेली तरी बोलत होते. आमच्या समोर कधी न काढलेला विषय, गिरणी बंद पडल्यानंतरची वर्षं, त्यांनी त्याच्यासमोर काढला. आणखी एक त्यानं ऐकलं जे आम्ही आयुष्यभर ऐकूनही ऐकलं नव्हतं. वडील वेळ घड्याळात सांगत नाहीत. "पहिल्या भोंग्याच्या आधी", "दुसऱ्या भोंग्याला", अजूनही, गिरणी पडून एवढी वर्षं झाली तरी.

चित्रात राखाडीवर आडवे फटकारे आहेत, प्रत्येक डावीकडं जाड सुरू होतो आणि उजवीकडं कोरडा होत होत कॅनव्हासच्या कडेच्या आधीच सुटतो. आणि मधे दोन ठिकाणी वरून खालपर्यंत उभी तांबडी रेघ सगळ्या फटकाऱ्यांना कापत जाते. वडलांनी बघितलं, जवळ गेले, त्या कोरड्या होत जाणाऱ्या टोकावर बोट ठेवलं आणि म्हणाले "हे मी बोलतोय". तांबड्या रेघेचं त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

आता तोटाही सांगतो. घरी येणाऱ्या पाहुण्यांना ते कळत नाही, प्रत्येक वेळी सांगावं लागतं, आणि आईला ते आजही आवडत नाही. ती म्हणते त्यांचा हसरा फोटो लावा. दोन्ही लावलेत.

ॲड_विजापूररोड

कागदाचं विचारलंय त्यावर थोडक्यात.

कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७. मोबदला देऊन सांगून करून घेतलेल्या चित्राचा किंवा पोर्ट्रेटचा पहिला कॉपीराइट, उलट करार नसेल तर, करून घेणाऱ्याचा असतो. म्हणजे काहीच लिहिलं नाही तर हक्क तुमच्याकडे. पण बरेच चित्रकार आपल्या करारात उलटं लिहितात, तेव्हा सही करण्याआधी ती ओळ शोधा. त्यांनी त्यांच्या वेबसाईटवर किंवा प्रदर्शनात चित्राचा फोटो वापरायला तुमची हरकत नसेल तर तेवढी परवानगी वेगळी लिहून द्या, पण अम्माचं नाव, गाव, तिनं काय सांगितलं हे छापायचं नाही असं त्यातच घाला.

कलम ५७ मात्र लक्षात ठेवा. कॉपीराइट तुमच्याकडे आला तरी चित्रकाराचे काही हक्क त्याच्याकडेच राहतात, कृती आपली आहे असं म्हणण्याचा आणि तिची मोडतोड करून आपली बदनामी होऊ न देण्याचा. दिल्लीतल्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं भित्तिशिल्प सरकारनं काढून टाकलं तेव्हा २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयानं शिल्पाचे अवशेष त्यांना परत द्यायला लावले आणि ५ लाखांची भरपाईही दिली. तेव्हा उद्या भिंतीत बसत नाही म्हणून कॅनव्हास कापायचा वगैरे नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं रेकॉर्डिंग. ते कुणाकडे राहणार, चित्र झाल्यावर पुसणार का, एक प्रत तुम्हाला मिळणार का. करार तुमचा आणि चित्रकाराचा असला तरी बोलणारी अम्मा आहे, तेव्हा "अमुक भाग नको" असं तिनं नंतर म्हटलं तरी तो वगळायचा, हे वाक्य घालाच. पैशाचे टप्पे, तारीख, आणि चित्र पसंत पडलं नाही तर काय, हे तर लिहिणार असालच. अमूर्त कामात "पसंत नाही" यावर भांडणं फार होतात, म्हणून मधल्या टप्प्यावर छोटी कच्ची चित्रं दाखवायची आणि तिथेच दिशा ठरवायची असं लिहा.

ग्राफवाला

मी जॅकार्डचं (मागावर नक्षी विणायची यंत्रणा) डिझाईन करतो, वॉल हँगिंगची. चित्राशी थेट संबंध नाही पण एक सुचलं म्हणून लिहितोय. आपल्या सोलापुरात देवादिकांचे, पुढाऱ्यांचे चेहरे विणतात ते सगळ्यांनी बघितलंय. चेहरा विणणं अवघड, कारण गालावरची सावली हळूहळू उतरवायची तर ग्राफच्या एकेका चौकटीत खेळावं लागतं, तरी जवळून बघितलं की पायऱ्या दिसतातच. मोठे सपाट आकार असले तर धाग्यात चांगले बसतात. तेव्हा अम्माचं चित्र झालं आणि चार भावंडांत एकच चित्र म्हणून ओढाताण व्हायला लागली तर त्यावरून वॉल हँगिंग विणून घेता येईल, प्रत्येकाच्या घरी एक. भोंगा दादांच्या चित्रासारखे कोरडे फटकारे असतील तर मात्र जमणार नाही, ते हातानंच. आणि वकील साहेब म्हणतात त्याप्रमाणं आधी चित्रकाराला विचारून लिहून घ्या, उगाच नंतर त्यांना वाईट वाटायला नको. दुसरं, आपल्या पूर्व भागात तेलुगू बोलणारे चित्रकार आणि डिझाईनर मिळतात, पुण्याला जायच्या आधी इथं एकदा विचारून बघा की ओ. अम्मा कुठल्या गल्लीचं, कुठल्या कारखान्याचं बोलतीय हे त्या माणसाला सांगावं लागणार नाही.

पूर्वभागकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. भोंगा दादा, तुमचं "हे मी बोलतोय" मी मोठ्या भावाला वाचून दाखवलं, तो काही बोलला नाही पण पैशाचा विषय त्यानंतर काढला नाही.

काल पुण्याच्या बाईंना फोन केला. शेंगा फोडत बोलायचं म्हटल्यावर त्या लगेच हो म्हणाल्या, उलट मीही बरोबर फोडते म्हणाल्या. रेकॉर्डिंग पुसायलाही तयार आहेत, कॉपीराइटची ओळ त्यांच्या छापील करारात उलटी होती ती बदलून देणार आहेत. तेलुगूबद्दल मात्र त्या स्वतःच म्हणाल्या की तुमच्या गावात भाषा कळणारं कुणी चांगलं असेल तर आधी त्यांना भेटा, मला वाईट वाटणार नाही. यावरूनच मला त्या जास्त पटल्या खरं सांगायचं तर.

अम्माला विचारलं. ती म्हणाली येऊ दे, पण तिच्या शेजारच्या अक्काला पण बसवा, दोघी एकाच कारखान्याला विड्या द्यायच्या. आणि एक अट घातलीय, छाट काढून, म्हणजे विड्या खराब म्हणून बाजूला काढून, मजुरी कापायचे त्याबद्दल मी बोलणार, कुणी मधे थांबवायचं नाही. तर बैठक तिच्या अटीवर ठरतीय. रंगलेप ताई, एक शेवटचं, आमच्या बैठकीच्या खोलीत पश्चिमेची भिंत सोडून जागा नाही, सकाळी समोरच्या खिडकीतून ऊन थेट पडतंय, ॲक्रिलिक टिकेल का?

रंगलेप

थेट ऊन नको. ॲक्रिलिक तेलरंगासारखं पिवळं पडत नाही पण काही रंगद्रव्यं उन्हानं विटतातच, आणि सोलापूरचा एप्रिल-मे तुम्हाला मी काय सांगू. चित्रकाराला उन्हात टिकणारीच रंगद्रव्यं वापरायला सांगा, ट्यूबवर लाइटफास्टनेस (उजेडात रंग किती टिकतो ते) लिहिलेलं असतं, गुलाबी आणि जांभळ्यात जास्त बघावं लागतं. वरून अल्ट्राव्हायोलेट रोखणारं व्हार्निश करून घ्या, आणि काढता येईल असंच, म्हणजे पुढे धूळ बसली तर साफ करता येतं. खिडकीला जाड पडदा लावा. पश्चिमेच्या भिंतीला उन्हाळ्यात बाहेरून तापण्याचा त्रास असतो, म्हणून फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना लाकडाचे किंवा रबराचे ठोकळे लावून कॅनव्हास भिंतीपासून बोटभर सुटा ठेवा. आणि अक्कांनाही बोलावताय हे उत्तम झालं, फक्त त्यांचीही परवानगी कागदावर घ्या, आवाज त्यांचाही रेकॉर्ड होणार आहे.